नेहमीचे संदर्भ

जयंतीइतकी उघडपणे जळणारी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. बाकीच्या बायका आतून जळतात आणि वरून गोड हसतात. ही तोंडावर सांगायची. एकदा मी नवी कांजीवरम नेसून ऑफिसात गेले, तर सगळ्याजणी "छान आहे, छान आहे" करत पदराला हात लावून गेल्या. जयंतीने चष्मा कपाळावर चढवला, काठ नीट बघितला आणि म्हणाली, "सांगलीवाली, मला जळतं गे. आज माझ्याशीं बोलूं नकोस." आणि खरंच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातला लिंबूभात माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "विझलं. खा आतां."

खोटं कशाला बोलू, मला तिची हीच गोष्ट आवडायची. आपल्याला कुणाचा हेवा वाटला तर आपण त्याला काय काय नावं देतो, तत्त्वाचा प्रश्न म्हणतो, अन्याय म्हणतो. ती जळतं म्हणायची, संपलं.

मी सांगलीची. यजमान ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही चेन्नईला आलो, आणि मला अड्यारच्या बाजूला एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी आजूबाजूला नुसतं तमिळ. एक अक्षर कळेल तर शपथ. मी तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात कपाटामागून आवाज आला, "तुम्ही मराठी की? जेवण झालें की?" मी दचकून बघितलं. जाड भिंगांचा चष्मा, वेणीत मोगऱ्याचा तुरा, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, आणि बोलणं एखाद्या जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, त्यावर तमिळ हेल. ही जयंती राव, तंजावरची. तिचे पूर्वज तिकडे कधी गेले ते तिलाही नक्की ठाऊक नाही. महाराष्ट्र तिने एकदाच पाहिला, पुण्यात एका लग्नाला गेली होती तेव्हा. तिथे वऱ्हाडातल्या पोरी तिच्या मराठीला हसल्या, तो राग तिने अजून सोडलेला नाही. मी काही चुकलं की "तुम्ही तिकडचे असेच" हे ठरलेलं.

आमचं काम काय, ते सांगते. शास्त्रज्ञ माणूस निबंध लिहितो तेव्हा शेवटी सांगतो की मी आधीच्या कुणाकुणाच्या कामावर उभा आहे. त्याला संदर्भ म्हणायचं. ऑफिसात सगळे सायटेशनच म्हणतात. कुणी कुणाचं नाव घेतलं ते मोजायचं, त्यावरून कोण कुणाचं वाचतं, कुणाचं म्हणणं कुणापर्यंत पोचतं, याचा माग काढायचा, हा आमचा विभाग. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो म्हणतो, एवढंच? हो बाबा, एवढंच. पण या एवढ्याशावर इथे बढत्या होतात आणि अडतात. चंद्रमौळी म्हणून एक शास्त्रज्ञ दर एप्रिलमध्ये माझ्या टेबलाशी येऊन भांडायचा, जसं काही त्याची सायटेशनं मीच रात्री चोरून खाल्ली.

आणि संदर्भ दोन तऱ्हेचे. एक लागणारा, म्हणजे तो काढला तर निबंधाला आधारच राहत नाही. दुसरा शिष्टाचाराचा. लग्नपत्रिकेत चुलत आजोबांचं नाव घालतात ना, त्यांनी काही केलेलं नसतं, पण घालायचं, तसा. कुठला कोणता हे ओळखायला निबंध वाचावा लागतो, आणि ते ओळखण्यात जयंतीचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं.

तिचे यजमान सेतुमाधव सर आमच्याच संस्थेत. त्यांचा विषय गंज. समुद्राच्या वाऱ्याने काँक्रीटच्या आतली सळई कशी कुजते, यावर त्यांनी सगळा जन्म घातला. चेन्नईत राहणाऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. माझ्या बाल्कनीचं ग्रिल बघा. माणूस नावाजलेला. पण नवरा म्हणून? यादीतला माणूस. जयंतीने दोन नारळ सांगितले तर दोन नारळ आणणार. मैलापूरला देवळाबाहेर फुलवाल्या दोन्हीकडून हाका मारतात, त्यांच्यामधून हे गृहस्थ नारळाची पिशवी घेऊन सरळ घरी. वाईट वागणं नाही, ओरडणं नाही, काही नाही. जयंतीच्या वेणीतला मोगरा तिचा तिने घेतलेला असायचा.

लग्न झालं तेव्हा जयंती नुकती लायब्ररीचं शिक्षण घेऊन बाहेर पडली होती. नवऱ्याच्या खोलीत भांडी दोन आणि झेरॉक्सचे गठ्ठे पंचवीस. तिने ते लावले. मग त्याच्या निबंधांचे संदर्भ तीच करायला लागली. सर मजकूर लिहायचे, समासात पेन्सिलीने काहीतरी खरडायचे, आणि खंड, पान, साल शोधून शेवटची यादी पुरी करायची ती जयंतीने. "पहिलीं पानें यांचीं, शेवटचीं दोन माझीं," ती मला सांगायची, आणि सांगताना मान कशी ताठ व्हायची. सर ती शेवटची पानं वाचत नसत. छापण्याआधी प्रूफ आलं तरी मजकूर संपला की सही करून मोकळे. एवढा विश्वास. मला विचाराल तर विश्वास नव्हे, आळस. पण मी बोलले नाही, कारण त्या दोन पानांवर ती बाई जगत होती.

मग तो नकाशा आला.

संचालकांच्या डोक्यात आलं, वार्षिक अहवालात आपल्या शास्त्रज्ञांचा नकाशा हवा. एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका, आणि ज्याने ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे रेघ. जितक्या वेळा नाव घेतलं तितकी रेघ जाड. आम्ही दोघींनी सगळी माहिती भरली, बटण दाबलं, आणि पडद्यावर एखादा मोठा कोळी बसल्यासारखं जाळं उमटलं. सेतुमाधव सरांचा ठिपका चांगला मध्यावर. जयंती खूश. "बघ गे, आमचे हे," म्हणाली.

मग मीच मेली म्हणाले, "अगं, हे काय?"

जाळ्याच्या पार कडेला एक ठिपका होता. एकटाच. त्याच्याकडे कुणाचीही रेघ नव्हती, सरांची सोडून. आणि सरांची रेघ माझ्या करंगळीएवढी जाड. मी त्या ठिपक्यावर बाण नेला. नाव आलं, कृष्णवेणी एस.

आता यात इकडची एक गंमत आहे. आमच्याकडे यादीत आडनाव येतं. कुलकर्णी एस. म्हटलं की ती शकुंतला आहे की सदाशिव, देवाला ठाऊक. इथे आडनावाची भानगड नाही, वडिलांच्या नावाचं एक अक्षर मागे लागतं आणि बाईचं स्वतःचं नाव यादीत लख्ख उभं राहतं. कृष्णवेणी. दुसरं कुणी असण्याची सोयच नाही.

जयंती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हें नांव मीच टाइप केलें आहे. दर वेळीं. माझ्या हातानें." आणि खुर्चीवर अशी बसली की खुर्ची मागे सरकून कपाटावर आपटली.

पुढचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने दुसरं काही केलं नाही. नवऱ्याचे सगळे निबंध काढले आणि कृष्णवेणीचं नाव कुठे, कशासाठी आलंय ते तपासत बसली. त्या बाईचा जन्मात एकच निबंध होता, तिरुच्चीच्या एका परिषदेत वाचलेला, चार पानांचा. वाऱ्याच्या दिशेला असलेली सळई आडोशाच्या सळईपेक्षा किती आधी गंजते, असं काहीतरी. सुरुवातीच्या निबंधांत तो संदर्भ लागणाराच होता. पण पुढे? पुलाच्या रंगावरच्या निबंधात कृष्णवेणी. बोगद्यातल्या ओलाव्यावरच्या निबंधात कृष्णवेणी. आता बोगद्यात कुठला आलाय समुद्राचा वारा, सांगा मला!

"शिष्टाचाराचे," जयंती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे शिष्टाचाराचे. लागणारे असते तर मला जळलं नसतं गे. गरज असेल तें घेतील, त्यांत काय? पण गरज नसतां? या मनुष्यानें गरज नसलेली एक वस्तु मला आजवर दिली नाहीं. एक मुळम, हातभर फूल नाहीं. आणि तिला दर वर्षीं देतात. छापून देतात!"

माझंच डोकं तापलं. मी म्हटलं, "सरळ विचार त्यांना."

"विचारूं? आणि त्यांनी खरं सांगितलं तर?"

तिने विचारलं नाही. त्याऐवजी ती कृष्णवेणी रचायला लागली. रोज डबा उघडताना नवीन काहीतरी. ती नक्की गोरी असणार. गुडघ्यापर्यंत वेणी असणार. वीणा वाजवत असणार. "आणि गणित येत असणार," जयंती म्हणायची, आणि हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त टोचायचं, कारण तिला स्वतःला गणित येत नव्हतं आणि सर घरी आकड्यांवर बोलायला लागले की ती उठून गॅस बंद करायला जायची. चेन्नईतच शोळिंगनल्लूरला राहणारी तिची मुलगी, जननी, शनिवारी घरी आली तर तिलाही विचारून झालं, "तुझे अप्पा कधीं वीणेविषयीं बोलले की?" पोरगी म्हणाली, अम्मा, बीपी चेक कर.

त्याच सुमाराला सरांनी एक मोठा निबंध लिहायला घेतला. ते निवृत्त झाले होते, पण संस्थेने मानाचं पद देऊन खोली ठेवली होती. आजवरच्या सगळ्या कामाचा तो आढावा होता. जयंतीने नेहमीप्रमाणे शेवटची पानं केली, आणि एक दिवस कॉफीच्या मशीनशी माझ्या कानाला लागून म्हणाली, "काढलें."

"काय काढलंस?"

"तिला. संदर्भांचे आकडे पुन्हां लावले. कोण्णास कळणार नाहीं."

आमच्या धंद्यात हे पाप आहे बरं का. दुसऱ्याच्या निबंधातला संदर्भ आपल्या मर्जीने उडवायचा म्हणजे काय? पण मी म्हटलं, "बरं केलंस!" आणि अजूनही म्हणते.

मग ती वाट बघायला लागली. प्रूफ आलं की सर तिच्या नावासाठी तरी शेवटची पानं बघतील, नाव नाही हे त्यांच्या ध्यानात येईल, चेहरा पडेल, आणि मग आपण पकडू. प्रूफ आलं. सरांनी सही केली. निबंध छापून आला, लोकांचे अभिनंदनाचे फोन आले, सर खुशीत. जयंतीची मात्र झोप उडाली. "अभिनय आहे," ती म्हणाली, "आंत रडत असतील." शेवटी एका रविवारी इडल्या वाढता वाढता तिच्या तोंडून निघून गेलंच. "ही कृष्णवेणी कोण?"

सर म्हणाले, "कोण कृष्णवेणी?"

हे मला सांगताना तिने डब्याचं झाकण आपटलं. "इतकें साफ खोटें! डोळ्याची पापणी हलली नाहीं!" मी म्हटलं, अगं खरंच आठवत नसेल. "पो डी," ती म्हणाली, म्हणजे जा गं, चल, "तूं पुरुषांचा पक्ष घेतेस."

पण सर होते शास्त्रज्ञ. प्रश्न विचारला की त्यांना उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही. दिवसभर विचार करून ते संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "ती की? वाऱ्याच्या बाजूचे नमुने मोजणारी? वर्षभर होती लॅबमध्यें. मग लग्न झालें, गेली. कां, वारली की काय?" जयंती म्हणाली, वारली नाही, तुमच्या प्रत्येक निबंधात आहे. सरांना काही कळेना. "माझ्या? मी कोठें घालतों? मी समासांत 'नेहमीचे' लिहितों. नेहमीचे संदर्भ तूंच घालतेस की."

आणि तेच खरं होतं. सुरुवातीच्या दोन-तीन निबंधांत सरांनी नाव दिलं होतं. पुढे पहिल्या परिच्छेदाशी ते नुसतं "नेहमीचे" खरडायचे, आणि जयंती मागच्या निबंधाची यादी समोर ठेवून तीच नावं उतरवायची. मागच्यात कृष्णवेणी, म्हणून पुढच्यात कृष्णवेणी. पुलावर आणि बोगद्यात त्या बाईला नेऊन बसवली ती जयंतीनेच. आमच्या क्षेत्रात याच्यावर लोकांनी संशोधन केलंय, न वाचता उतरवलेले संदर्भ म्हणून. जयंती स्वतः नवीन पोरांना ते शिकवायची.

मी एवढी हसले की मला ठसका लागला. जयंती आधी रागावली, मग तीही हसायला लागली. त्या आठवड्यात तिचा रंगच वेगळा. फायली लावताना गुणगुणत होती. मी म्हटलं, आता पुढच्या निबंधात तिला परत घालणार का? "कशाला? लागत नाहीं ना? मग नको," ती म्हणाली, अगदी महाराणीच्या थाटात.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, आमच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. ऑपरेटर म्हणाला, कुंभकोणमहून कुणी बाई आहेत, सेतुमाधव सरांना विचारतायत, सर आज खोलीत नाहीत, तुमच्याकडे त्यांच्या मिसेस आहेत ना? मी म्हटलं, जोडा. पलीकडून आधी तमिळ, मग माझं तमिळ ऐकून बाई हसल्या आणि जयंतीसारख्याच तंजावरकडच्या मराठीत बोलायला लागल्या. "तुम्ही मराठी की? मी कृष्णवेणी बोलतें. सर बरे आहेत की?"

मी जयंतीला खूण केली, तोंडाने नुसतं नाव हलवलं, आणि फोन स्पीकरवर टाकला. का टाकला म्हणाल तर मला ऐकायचं होतं, दुसरं काय!

"मी त्यांची मिसेस," जयंती म्हणाली. "बरे आहेत. काय म्हणून विचारतां?"

बाईंचा आवाज म्हातारा होता आणि मऊ. त्यात वीणा-बिणा काही नव्हती. वडिलांनी लॅबमधून काढून लग्न करून दिलं, मग कुंभकोणमला मुलींच्या कॉलेजात शिकवलं, आता घरीच असते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "भाचीनें माझ्या फोनवर काहींतरी लावून दिलें आहे. माझ्या निबंधाचें कोणी नांव घेतलें की मेल येतो. वर्षांतून एकदां, कधीं दोनदां. सरच असतात. दुसरें कोण्णी नाहीं." त्या थोड्या हसल्या. "घरीं सगळ्यांस ठाऊक. नातवंडें ओरडतात, आजी, तुझा मेल आला. त्या दिवशीं मी पायसम करतें. निघतांना सर मला एवढेंच म्हणाले होते, तुझें काम वाया जाऊं देणार नाहीं. नंतर ना फोन, ना भेट. पण शब्द पाळला हो. असा शब्द कोण पाळतो आजकाल? यंदां मेल आला नाहीं. मग भाचीनें शोधलें, सरांचें मोठें लेखन छापलें आहे, त्यांत माझें नांव नाहीं. म्हणून विचारलें. तब्येत बरी नाहीं की काय? कीं माझें काहीं चुकलें?"

जयंतीचा चेहरा मी बघत होते. गळ्यापासून कपाळापर्यंत लाल. मला वाटलं, आता ही फुटणार. आता सांगणार की बाई, शब्द कुणी पाळला नाही, त्या माणसाला तुमचं नावसुद्धा आठवत नव्हतं, इतकी वर्षं तुमच्या घरी पायसम शिजलं ते माझ्या बोटांमुळे. सांगायचा तिला पुरेपूर हक्क होता. मी असते तर सांगून मोकळी झाले असते.

"चूक माझी," जयंती म्हणाली. "यादी मी टाइप करतें. माझ्या हातून राहिलें. यांना कळलें तेव्हां माझ्यावर फार रागावले."

"अय्यो! रागावले? माझ्यासाठीं?"

"हो. दोन दिवस जेवले नाहींत."

"पाप, बिचाऱ्या! तुम्हांस बोलणी बसली," कृष्णवेणीबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज असा उजळला होता की तो खोलीभर झाला. "सांगा त्यांना, असूं द्या म्हणावें. माझा काहीं राग नाहीं."

"पुढच्या वेळीं येईल," जयंती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, वेडी आहेस का तू? दोन दिवस जेवले नाहीत? ते सर? ज्यांना इडलीत मीठ कमी पडलं तर कळत नाही? तिने माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि मग रडायला लागली, मोठ्याने, लायब्ररीत. दोन वाचक उठून दुसऱ्या टेबलाशी गेले.

"मला जळतं गे," ती म्हणाली. "या वेळीं फार जळतं. तिला मिळालें. दर वर्षीं मिळालें. खोटें असेल, मीच पाठवलें असेल, पण तिला मिळालें ना? घरीं गोड करून खाल्लें ना? मला तर खोटेंसुद्धां कोणी पाठवलें नाहीं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती विझलं म्हणाली नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. काम करायची, बोलायची, डबा वाटून खायची, पण ते तसंच राहिलं होतं आत.

सरांचा पुढचा निबंध लहानसा होता, तोही बहुधा शेवटचाच. गेल्या महिन्यात तो छापून आला. जयंतीने कागदावर प्रत काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मी सवयीने शेवटचं पान उलटलं. कृष्णवेणी एस. आपल्या जागी परत बसली होती. मी मान हलवली.

"त्याच्यावर बघ," जयंती म्हणाली.

यादीच्या वर आभार मानायची एक जागा असते. लॅबच्या लोकांचे, पैसे देणाऱ्यांचे आभार तिथे मानतात. सर त्यात कधी एका ओळीच्या पुढे गेले नाहीत. इथे दोन ओळी होत्या. दुसरीत इंग्रजीत लिहिलं होतं की इतक्या वर्षांच्या कामात माझी पत्नी जयंती बरोबर नसती तर यातला एकही निबंध पुरा झाला नसता, तिचे हे ऋण शब्दांत सांगता येणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरचा टाचण्यांचा डबा नीट करत होती.

"सरांनी लिहिलं?"

"टाइप मी केलें."

"आणि?"

"प्रूफ यांच्याकडे गेलें. यांनी सही केली." तिने टाचण्यांचा डबा बंद केला, परत उघडला. "खोडलें नाहीं त्यांनी, बघ. होतें तसें राहूं दिलें. वाचलें असेल की गे?"

त्या माणसाचा मला त्या क्षणी इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याचं पद, वय, काही बघितलं नसतं. जयंतीने प्रत उचलली होती आणि बोट त्या ओळीवर ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"वाचलं म्हणजे काय!" मी म्हटलं. "वाचल्याशिवाय सही करतं होय कुणी?"